कुठं गेल्ता रे? : जालन्याकडच्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’विषयी

मंठा तालुक्यातल्या आमच्या घरात दोन तऱ्हेची मराठी नांदायची. वडील गावचेच. माय लोणारकडची, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातली. सकाळी गाडीबैल जुंपून निघालं तर दिवस मावळायच्या आत तिच्या माहेरी पोचता यायचं. एवढ्या वाटेत बाकी काही बदलत नव्हतं. तीच काळी जमीन, तीच ज्वारी, तोच कापूस. बदलायचं ते क्रियापद. शाळेला निघालो की ओट्यावर बसलेली आजी म्हणायची, ‘‘लवकर ये रे.’’ आणि चुलीपुढून माय म्हणायची, ‘‘लवकर येजो बरं.’’ आजीची सुपारीची पिशवी जशी तिची एकटीची, तसं ‘ये’ तिचं आणि ‘येजो’ मायचं, अशी माझी लहानपणी समजूत होती.

‘येजो’ मायचं एकटीचं नव्हतं. ते सगळ्या वऱ्हाडाचं होतं, आणि त्याला स्वतःचा नियम होता. एकाला ‘येजो’, अनेकांना किंवा मानाच्या माणसाला ‘येजा’. करजो-करजा, जाजो-जाजा, सांगजो-सांगजा. हिंदीतल्या ‘कीजो’, ‘दीजो’शी त्याचं नातं उघड दिसतं. आणि त्या रूपात काळ भरलेला आहे. ‘ये’ म्हणजे आत्ता ये. ‘येजो’ म्हणजे मग ये, तुझं काम उरकलं की ये. प्रमाण मराठीला हे नुसत्या आज्ञार्थात सांगता येत नाही. तिला ‘नंतर’, ‘उद्या’ असा शब्द जोडावा लागतो, नाहीतर ‘येशील ना?’ असं विचारावं लागतं. मला हे उमगलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. त्या दिवशी एक वही घेतली आणि पहिल्या पानावर ‘येजो’ लिहिलं. हे पुस्तक त्या वहीतून आलं आहे.

वहीत मी एकच गोष्ट टिपत गेलो. आपल्या भागातला माणूस समोरच्याला काय म्हणतो, आणि तसं म्हणताना त्याच्या क्रियापदाचं काय होतं. तू, तुम्ही, आपण. रे, गं, वं, ओ, जी. आला, आले, आल्या. यात नवल काय, असं गावाकडच्या बऱ्याच जणांनी मला विचारलं. रोज पाणी पितो त्यात नवल काय, असं विचारावं तसं. पण माणूस माणसाला किती जवळ घेतो, किती मानतो, किती लांब ठेवतो, याचा हिशेब याच दोन-तीन अक्षरांत ठेवलेला असतो. तो हिशेब कोसाकोसाला वेगळ्या चोपडीत मांडला जातो. या प्रस्तावनेत ती चोपडी कशी वाचायची एवढं सांगायचं आहे.

आधी भूगोल. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके औरंगाबादेतून आले आणि परतूर परभणीतून आलं. पुढं बदनापूर, घनसावंगी, मंठा वेगळे झाले आणि आज आठ तालुके आहेत. म्हणजे जिल्हा म्हणून आपलं वय फार नाही, आणि ‘जालन्याची बोली’ अशी एकजिनसी वस्तू शोधू गेलं तर ती सापडत नाही. ‘काय करतो आहेस?’ एवढंच वाक्य घेऊन फिरावं. परतूर-घनसावंगीकडं ऐकू येतं ‘काय करायला रे?’, कधी ‘करायलास’ही. भोकरदन-जाफराबादकडं ‘काय करू राह्यला?’ शिव ओलांडून बुलढाण्यात शिरलं की ‘काय करून राह्यला?’ उत्तरेला अजिंठ्याचा डोंगर उतरून खानदेशात गेलं की अहिराणीत ‘काय करी ऱ्हायना?’ आणि खाली लातूरकडं ‘काय करलालास?’ कुठं ‘लागणं’, कुठं ‘राहणं’, असं दुसरं क्रियापद मदतीला घेऊन प्रत्येकानं चालू काळ आपापल्या परीनं घडवला आहे. आपला जिल्हा या सगळ्या वाटांच्या तिठ्यावर बसला आहे.

बुलढाण्याच्या बाजूची शिव मात्र नुसती जिल्ह्याची शिव नव्हे. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. जालना, अंबड, परतूर हा मुलूख निजामाकडंच राहिला. वऱ्हाडातली माणसं आपल्या भागाला ‘मोगलाई’ म्हणत. मायच्या माहेरचे म्हातारे तर मी कॉलेजात गेलो तरी मला ‘मोगलाईतला भाचा’ म्हणायचे. त्यांच्या गावात इंग्रजी अमलात मराठी शाळा होत्या. इकडं कचेरीची भाषा उर्दू, आणि हैदराबादेत १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दू माध्यमाचं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. तोवर आपल्या भागातल्या दोन-तीन पिढ्या घरात मराठी आणि कचेरीत उर्दू बोलून म्हाताऱ्या झाल्या होत्या. छापील मराठीचा हात त्यांच्या बोलण्यावरून फारसा फिरलाच नाही. पुण्या-मुंबईकडं शाळा आणि वर्तमानपत्रं शंभर वर्षं ज्या रूपांना घासूनपुसून एकसारखं करत होती, ती रूपं इकडं जशी होती तशी राहिली. याचं नुकसान मोठं झालं, ते शिक्षणाचं. पण बोलीच्या अभ्यासकाला त्यातच ठेवा सापडतो.

तो ठेवा किती जुना आहे ते ‘त्वा’ या शब्दावरून पाहता येईल. ‘त्वा कवा सांगितलं?’ ‘हे काम त्वा केलं का?’ आमच्याकडची जुनी माणसं असं सर्रास बोलतात. तरुण माणसं ‘तूनं केलं’ म्हणतात. शहरात गेलेला मुलगा दोन्ही टाकतो आणि ‘तू केलंस’ शिकतो, कारण ‘त्वा’ गावंढळ असं त्याला सांगितलेलं असतं. पण ‘त्वा’ हे ज्ञानेश्वरीतल्या ‘तुवां’चंच आजचं रूप आहे, जसं ‘म्या’ हे ‘मियां’चं. सातशे वर्षं जे रूप ओट्यावर, खळ्यावर, विहिरीवर टिकलं, ते गेल्या पन्नास वर्षांत शाळेच्या फळ्यापुढं लाजून गप्प बसलं.

आता त्या ‘केलंस’मधल्या ‘स’कडं वळतो. या पुस्तकाचा कणा तोच आहे.

मी शिकायला पुण्याला गेलो तेव्हा एका निबंधात लिहिलं होतं, ‘तू कुठे गेला होता?’ मास्तरांनी त्याखाली लाल रेघ ओढली आणि वर्गात वाचून दाखवलं. ‘होतास’ पाहिजे. मुलं हसली. मी तो ‘स’ पाठ केला आणि घोटून घोटून बोलण्यात आणला. गावी गेल्यावर मात्र तो जिभेवर येईना. मायला ‘जेवलीस का?’ असं विचारलं तर तिला ते परक्याचं वाटायचं. ‘माय, जेवली का वं?’ असंच विचारावं लागायचं. बरीच वर्षं मीही धरून चाललो होतो की आमच्याकडं काहीतरी गळालं आहे, झिजलं आहे, आळसानं सुटून गेलं आहे.

वहीची पानं भरत गेली तसं दिसायला लागलं की नुसतं गळालेलं नाही. एका जागेवरून उठून ते दुसऱ्या जागेवर बसलं आहे.

प्रमाण मराठीत ‘कुठं गेला होतास?’ एवढं म्हटलं तरी पुरतं. ‘तू’ म्हणायची गरज नाही, ‘स’ ते काम करतो. जालन्याकडं ‘कुठं गेल्ता?’ म्हटलं तर ‘तू’ की ‘तो’ ते कळत नाही. म्हणून आमच्याकडं ‘कुठं गेल्ता?’ असं नुसतं कुणी म्हणतच नाही. ‘कुठं गेल्ता रे?’ म्हणतात. ‘कुठं गेल्ती वं?’ म्हणतात. ‘स’नं सोडलेली जागा ‘रे’नं आणि ‘वं’नं घेतली. ‘स’ला एवढंच सांगता येत होतं की समोरचा एकटा आहे. ‘रे’, ‘वं’, ‘गं’, ‘ओ’ यांनी बाई की पुरुष तेही सांगितलं, माया सांगितली, राग सांगितला, वय सांगितलं. मायला ‘वं’ म्हणणारा मुलगा बहिणीला ‘गं’ म्हणतो. थोराला ‘काय ओ’ होतं. वऱ्हाडाच्या अंगाला ‘हो जी’, ‘का जी’ होतं. महानुभावांच्या लीळाचरित्रात चक्रधरांचे शिष्य गुरूशी बोलताना पदोपदी ‘जी जी’ म्हणतात, आणि महानुभावांचं जाळीचा देव हे ठिकाण आपल्या भोकरदनच्या डोंगरातच आहे. तेराव्या शतकातलं आदराचं अक्षर आजही कुठंतरी ‘जेवा जी’ म्हणताना ऐकलं की अंगावर काटा येतो.

भूतकाळात तर प्रकरण आणखी उघड होतं. ‘तू काम केलंस’ यात क्रियापद ‘काम’ला धरून नपुंसकलिंगी होतं आणि वर ‘तू’साठी ‘स’ही घेतं. म्हणजे एका क्रियापदाला दोन मालक. आपल्या व्याकरणकारांनी याला कर्तृ-कर्म संकर असं नावच दिलं आहे. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चं, पण हा प्रयोग आजही शाळेत या नावानं शिकवतात. आता जालन्याचं वाक्य पाहा. ‘त्वा काम केलं.’ करणारा ‘त्वा’त सांगून झाला आणि क्रियापद सरळ कामामागं गेलं. व्याकरणाच्या कसोटीवर हा निखळ कर्मणी प्रयोग आहे. लाल रेघ ओढलेलं माझं वाक्यही मोडकं नव्हतं, एका वेगळ्या घडीचं होतं. हे त्या वयात कुणी सांगितलं असतं तर मी वर्गात इतकी वर्षं तोंड मिटून बसलो नसतो.

हा ‘स’ मुळात कुठला? संस्कृतात ‘गच्छसि’, जुन्या मराठीत ‘करिसि’, ‘करितोसि’, आणि त्याचा आजचा शेंडा ‘करतोस’. अहिराणीत तो भलत्याच ठिकाणी जाऊन बसला. ‘मी करस, तू करस, तो करस.’ मालवणीत ‘तू खंय जातंस?’ म्हणून अजून आपल्या जागी आहे. आणि तोच ‘स’ इकडून हजारो मैलांवर स्पॅनिश भाषेत आहे. स्पॅनिशमध्ये ‘तू’ला ‘तू’च म्हणतात. हा योगायोग नाही. दोन्ही शब्द एकाच आदिम मुळाचे आहेत. ‘तुझ्याकडं आहे’ याला ते म्हणतात ‘तू त्येनेस’. शेवटचा ‘स’ आपल्याच ‘सि’चा चुलतभाऊ.

स्पॅनिशचं उदाहरण मी या पुस्तकात वारंवार घेतलं आहे, कारण मध्यम पुरुषाची एवढी गजबज फार थोड्या भाषांत आहे. क्यूबा, पोर्तो रिको, डोमिनिकन प्रजासत्ताक या बेटांवर शब्दाच्या शेवटचा ‘स’ बोलण्यात गळतो. तिथं ‘तू’चं आणि ‘तो’चं क्रियापद कानाला सारखंच लागतं. आणि तिथलीच माणसं बाकीच्या स्पॅनिश बोलणाऱ्यांपेक्षा ‘तू’ हे सर्वनाम जास्त वेळा तोंडानं उच्चारतात, जिथं एरवी ते गाळता आलं असतं. ‘स’ गेला म्हणूनच ‘तू’ वाढला का, यावर तिथल्या अभ्यासकांचं एकमत नाही. पण मी मात्र ते वाचलं आणि आमच्या ओट्यावरचा ‘रे’ आठवून बराच वेळ पुस्तक मिटून बसलो.

दुसरी गोष्ट दरबाराची. मध्ययुगात स्पेनमध्ये ‘बोस’ हे सर्वनाम मानाचं होतं. वापरून वापरून त्याचा मान उतरला, मग थोरामोठ्यांना ‘आपली कृपा’ अशा अर्थाचं लांबलचक संबोधन देऊ लागले, आणि ते झिजून ‘उस्तेद’ झालं. ‘बोस’ स्पेनमधून गेलं. मेक्सिको आणि लिमा इथं व्हाइसरॉयचे दरबार होते, तिकडंही नवी चाल पोचली आणि ‘तू’ रुजला. पण अर्जेंटिना, उरुग्वे, मध्य अमेरिकेचा बराच मुलूख दरबारापासून लांब. तिथं ‘बोस’ राहिलं, आणि आज तिथं मित्र मित्राला ‘बोस’ म्हणतो, ‘बोस तेनेस’. चिलीत सर्वनाम ‘तू’ आणि क्रियापद ‘बोस’चं, असाही संसार चालतो. कोलंबियाच्या डोंगराळ भागात नवराबायको, मायलेकरं एकमेकांना मानाचं ‘उस्तेद’ म्हणतात आणि त्यात दुरावा नसतो. अनेकांना उद्देशून स्पेनमध्ये ‘बोसोत्रोस’, तर सगळ्या अमेरिकेत ‘उस्तेदेस’. आंद्रेस बेयो या थोर व्याकरणकारानं १८४७ साली अमेरिकेतल्या लोकांसाठी म्हणून व्याकरण लिहिलं, पण चिलीतल्या ‘बोस’ला त्यानं अशिष्टच ठरवलं आणि शाळांनी ते उपटायला घेतलं. अर्जेंटिनातल्या मुलांनाही पिढ्यान् पिढ्या शाळेत ‘तू’ शिकवला गेला आणि ती अंगणात येऊन ‘बोस’च बोलली. अखेर १९८२ मध्ये तिथल्या भाषा अकादमीनं ‘बोस’ला शिष्ट भाषेत जागा दिली.

आपल्याकडंही राजधानीपासून लांब राहिलेल्या मुलखात ‘त्वा’ टिकलं. त्याला कुठल्याही अकादमीनं जागा दिलेली नाही. रा. रं. बोराडे यांनी मात्र दिली. १९७१ सालच्या ‘पाचोळा’त त्यांनी अख्खी कादंबरी एका खेड्यातल्या बाईच्या तोंडून, तिच्या मराठवाडी बोलीत सांगितली. तोवर बोली म्हणजे पात्रांच्या संवादापुरती, निवेदन प्रमाण भाषेत, अशी वाटणी होती. त्या कादंबरीत निवेदनाचं क्रियापदच आमच्या घरचं होतं. मी ती पहिल्यांदा वाचली ती होस्टेलच्या खोलीत, दार लावून, मोठ्यानं.

आता आदराकडं येतो. प्रमाण मराठीत मानाच्या माणसाला ‘तुम्ही आलात’. बाई असो, बुवा असो, ‘आलात’. जालन्याकडं हा ‘त’ही नाही. ‘दादा, तुम्ही कवा आले?’ ‘आत्या, तुम्ही कवा आल्या?’ इथं बाईचं बाईपण क्रियापदात जागं राहतं. सासूला ‘आत्या’ म्हणणारी सून जेव्हा ‘आत्या, तुम्ही बसल्या का?’ म्हणते, तेव्हा एकाच शब्दात नातं, मान आणि लिंग तिन्ही सांगून होतं. आणि हीच सून आपल्या मायला ‘माय, तू बसली का?’ म्हणते. सासरचा मान अनेकवचनी, माहेरची माया एकवचनी. माय, आजी आणि देव यांना ‘तू’. जांबच्या रामदासांनी मनाच्या श्लोकांत मनालाही ‘तू’नंच हाक मारली, आणि ते जांब आपल्या घनसावंगी तालुक्यातलं. बापाला मात्र आमच्या घरात ‘तुम्ही’. शहरात आता मुलं बापाला ‘बाबा, तू’ म्हणतात, ते मला गोड वाटतं. माझ्या तोंडून ते या जन्मात निघालं नाही.

‘आपण’चं तिसरंच. पुणेरी अदबीत ‘आपण’ म्हणजे समोरचा माणूस. आमच्या खेड्यात ‘आपण’ म्हणजे तू आणि मी मिळून. एका कचेरीत मी उभा होतो. तिथल्या कारकुनानं एका म्हातारीला अगदी अदबीनं विचारलं, ‘‘आपण अर्ज भरलात का?’’ तिला वाटलं, हा माणूस दोघांच्या अर्जाबद्दल बोलतोय. ती म्हणाली, ‘‘तुमचा मला काय ठावं, बाबा. माझा राह्यलाय.’’ दोघंही चांगली माणसं. दोघांचीही मराठी शुद्ध. आणि मधल्या त्या एका शब्दावर म्हातारी दिवसभर बाकावर बसून राहिली, कारण त्यानं तिचा अर्ज बाजूला ठेवला आणि तिला वाटलं, आपलं काम त्याच्या अर्जाबरोबर होणार आहे.

आमच्याकडं खरा मान द्यायचा असला तर ‘आपण’ म्हणत नाहीत, सर्वनामच टाळतात. लग्नाच्या पंगतीत व्याह्याला ‘तुम्ही बसा’ म्हणणंसुद्धा थोडं उघडं वाटतं. ‘पाव्हण्यांनी आता पाटावर बसावं.’ ‘मामांनी हात धुवावा.’ समोर उभ्या माणसाशी, तो जणू तिसराच कुणी असल्यासारखं बोलायचं. ‘उस्तेद’ही असाच जन्मला. म्हणून आजही त्याच्यामागं ‘तो’चं क्रियापद लागतं. माणसाच्या डोळ्याला डोळा न भिडवता त्याच्या मानाला हाक मारायची, ही युक्ती माद्रिदलाही सुचली आणि मंठ्यालाही.

हे सगळं एका जागी पाहायचं असेल तर जालन्याच्या मोंढ्यात जाऊन बसावं. सोयाबीनचा हंगाम, पोत्यांच्या थप्प्या, धूळ. आडतीच्या गादीवर मारवाडी शेठ बसले आहेत. फोनवर घरी बोलताना त्यांच्या तोंडी ‘थे’ आहे, ते त्यांच्या बोलीतलं मानाचं सर्वनाम. फोन ठेवला आणि आलेल्या शेतकऱ्याला म्हणाले, ‘‘या पाटील. कवा आले?’’ मापाडी मुसलमान, वयानं मोठा, त्याला दखनीत, ‘‘चाचा, तुम बैठो.’’ दखनीतलं हे ‘तुम’ आदराला पुरतं, तिथं लखनौचं ‘आप’ लागत नाही. मग हमालाकडं वळून, ‘‘ए, हिकडं ये रे.’’ दोन मिनिटांत तीन भाषा आणि मानाच्या चार पायऱ्या. पण मी ज्यासाठी थांबलो होतो ते पुढं घडलं. शेठचा विशीतला मुलगा आतून आला. तोच हमाल, साठी ओलांडलेला, पाठीवर पोतं. मुलगा म्हणाला, ‘‘मामा, ते राहू द्या. आधी पाणी प्या.’’ ‘मामा’ म्हटलं आणि क्रियापद आपोआप ‘द्या’, ‘प्या’ झालं. म्हाताऱ्यानं पोतं उतरवलं, गमजानं तोंड पुसलं आणि म्हणाला, ‘‘पेतो, मालक.’’

या पायऱ्या नेहमी वयाच्या नव्हत्या, हे लिहिल्याशिवाय ही प्रस्तावना खोटी ठरेल. मराठीत ‘अरे-तुरे करणं’, ‘अहो-जाहो करणं’, ‘एकेरीवर येणं’ अशी क्रियापदंच आहेत, जशी स्पॅनिशमध्ये ‘तुतेआर’ आणि ‘बोसेआर’ आहेत. पण आपल्याकडं कोणी कोणाला अरे-तुरे करायचं हे जातीनं ठरत होतं. आमच्या गावात महारवाड्यातल्या सत्तर वर्षांच्या माणसाला पाटलाचं सात वर्षांचं पोर ‘ए, ये रे’ म्हणायचं आणि म्हातारा त्या पोराला ‘जी मालक’ म्हणायचा. मीसुद्धा म्हटलं आहे. कुणी शिकवलं नव्हतं. क्रियापदाबरोबरच ते आलं होतं. त्या वस्तीतली पुढची पिढी शिकली, जयंती करू लागली, आणि तिनं आपल्या आज्यांना गावानं ‘अहो’ म्हणावं असा आग्रह धरला. त्यावरून आमच्या गावात भांडणं झाली. एका क्रियापदाच्या काना-मात्रेसाठी भांडण, असं तेव्हा काही जण म्हणाले. मला विचाराल तर याहून मोठ्या गोष्टीसाठी गावात कधी भांडण झालेलं नाही. वहीतली ती नोंद मी जशीच्या तशी ठेवली आहे.

लिहिण्याबद्दल थोडं. पुढच्या पानांत शब्द जसे ऐकले तसे लिहिले आहेत. ‘गेला होता’चा ‘गेल्ता’ झाला तिथं ‘गेल्ता’च छापला आहे. ‘राह्यला’, ‘ऱ्हायला’ असे दोन उच्चार एकाच ओट्यावर ऐकले तर दोन्ही दिले आहेत. जिथं बोलणारा वऱ्हाडातून लग्न होऊन आलेली बाई आहे तिथं तसं नोंदवलं आहे, कारण आमच्या भागात क्रियापदं बहुतेक वेळा सुनांबरोबर शिव ओलांडतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजानं राज्य मराठी विकास संस्थेच्या मदतीनं मराठीच्या बोलींचं जे सर्वेक्षण केलं, त्यामुळं अशा नोंदी राज्यभरच्या नकाशावर ठेवून पाहणं आता शक्य झालं आहे. माझी वही एका जिल्ह्यापुरती, आणि तिच्यात शास्त्रापेक्षा कान जास्त आहे.

माय आता नव्वदीकडं झुकली आहे. माझी मुलगी पुण्यात वाढली, तिथंच नोकरी करते, आणि दर रविवारी आजीला फोन करते. मागच्या दिवाळीनंतर ती म्हणाली, ‘‘आजी, तू ये ना इकडं.’’

माय गडबडली. फोन कानाला तसाच धरून माझ्याकडं पाहिलं, मग अंगावरचं जुनेर पाहिलं आणि म्हणाली, ‘‘आत्ता?’’

‘‘आत्ता नाही गं. थंडी कमी झाली की.’’

‘‘मंग येजो म्हण की, बाई.’’

पलीकडं क्षणभर शांतता होती. मग माझ्या मुलीनं आयुष्यात पहिल्यांदा, अडखळत, ते रूप तोंडात घेतलं. ‘‘येजो, आजी.’’

‘‘हां,’’ माय म्हणाली. ‘‘येईन.’’